ध्वजस्तंभापासून मोजलेलं मैदान : सातवीच्या निर्देशक प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरले. दुसऱ्या सत्रात सातवीला निर्देशक, म्हणजे बिंदूची जागा दोन आकड्यांनी सांगायची पद्धत, घ्यायचे हे सुट्टीतच मनाशी पक्कं केलं होतं. आज मुख्याध्यापकांशी बोलून तास आणि मैदान दोन्ही मागून घेतलं. राज्य मंडळाच्या पुस्तकात निर्देशक भूमिती नववीला येते, गणित भाग २ मध्ये. तोवर थांबायची गरज मला वाटत नाही. सहावीत पूर्णांक संख्या आणि संख्यारेषा होते, सातवीत ऋण संख्यांचे गुणाकार-भागाकार होतात. आडव्या संख्यारेषेच्या शून्यातून एक उभी संख्यारेषा काढली की प्रतल तयार. लागणारं सगळं मुलांकडे आधीपासून आहे.

नववीत गेलेली आमची मुलं अधूनमधून वह्या घेऊन भेटायला येतात. (३, ५) त्यांना नीट मांडता येतो. (०, ४) आला की हात थांबतो. पाठ केलेलं असतं, पण चाललेलं नसतं. बिंदू मांडण्यात चार गोष्टी ठरवाव्या लागतात: मोजायला सुरुवात कुठून करायची, कोणती बाजू धन मानायची, एक म्हणजे केवढा, आणि दोन मापांपैकी आधी कोणतं सांगायचं. पुस्तक या चारही गोष्टी ठरवून देतं, त्यामुळे त्या कुणीतरी ठरवल्या आहेत हेच मुलांना दिसत नाही. हे ठरवणं यंदा मुलांनीच करायचं आणि त्यावरून शाळेच्या आवाराचा नकाशा काढायचा.

वर्गाचे चार गट केले. नावं मुलांनी दिली: कृष्णा, कोयना, वेण्णा आणि माणगंगा. माण तालुक्यातली शाळा असल्यामुळे माणगंगा कोणाला मिळणार यावर बरीच ओढाताण झाली, शेवटी चिठ्ठी टाकली.

विधानसभेचं मतदान परवा आहे. उद्यापासून वर्गखोल्या मतदान केंद्रासाठी द्यायच्या. आता शुक्रवारी.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज निर्देशक हा शब्दही काढला नाही. प्रत्येक गटाने आवारात एक बाटलीचं झाकण मातीखाली पुरायचं आणि दुसऱ्या गटासाठी चिठ्ठी लिहायची. अट एकच: झाडाचं, नळाचं, ओट्याचं नाव घेऊन 'त्याच्या शेजारी' असं लिहायचं नाही. 'इतकं अंतर' असं लिहायचं.

चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. कृष्णा गटाची: "गेटातून आत या. वीस पावलं चाला. मग उजवीकडं आठ." माणगंगा गटाची पोरं वीस पावलं चालली, उजवीकडे वळून आठ चालली आणि तिथे उकरत बसली. झाकण काही निघेना. लिहिणारा वर्गातला सर्वांत उंच मुलगा, चालणारी मुलगी सर्वांत लहान चणीची. तिचं वीसावं पाऊल त्याच्या चौदाव्याच्या आसपास पडत होतं. कोयना गटाने लिहिलं होतं, "भिंतीपासून दहा, दुसऱ्या भिंतीपासून सहा." कोणती भिंत, ते नाही. वेण्णा गटाची चिठ्ठी सर्वांत चांगली होती, पण ती लिहिली होती शाळेकडे तोंड करून आणि वाचणारे उभे राहिले शाळेकडे पाठ करून. झाकण निघायचं त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला खड्डा झाला.

"मॅडम, ह्यांचं उजवं म्हंजी आमचं डावं हुतंय," असं एकाने ओरडून सांगितलं आणि तिथून भांडण सुरू झालं. मी मध्ये पडले नाही. अर्ध्या तासाने ओट्यावर बसून मुलांनी जे ठरवलं ते एका मुलीने फळ्यावर लिहिलं: पावलं नकोत, मीटर टेप. सगळ्यांनी शाळेकडे तोंड करूनच उजवं-डावं म्हणायचं. सगळ्यांनी एकाच जागेपासून निघायचं. मापं कोणत्या क्रमाने सांगायची ते मात्र राहून गेलं. ते मी मुद्दाम काढलं नाही. त्याची अडचण आली की तेच काढतील.

निघायची जागा म्हणून तिघांनी गेटाचं नाव घेतलं आणि चौघांनी आवाराच्या कोपऱ्याचं. मग ध्वजस्तंभाचं नाव आलं आणि तेच टिकलं, कारण तो सगळीकडून दिसतो. मला हवं होतं तेच झालं. कोपऱ्यापासून मोजलं असतं तर सगळं आवार एकाच चरणात (शून्यातून जाणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांनी होणाऱ्या चार भागांपैकी एकात) आलं असतं आणि ऋण संख्या लागल्याच नसत्या. खांबाच्या चारी बाजूंना काही ना काही आहे: समोर इमारत, मागे मैदान, डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे हातपंप.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

संविधान दिनाचं प्रास्ताविकेचं वाचन झालं आणि लगेच मैदानावर गेलो. आज अक्ष आखले.

एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. ते दोरी आणि काटकोन बघायचा गुण्या घेऊन आले. इमारतीच्या पुढच्या भिंतीला समांतर अशी एक दोरी खांबाच्या रेषेत ताणली. हा एक्स-अक्ष. त्यावर काटकोनात दुसरी टाकायची तर गुण्या लहान पडतो. गुण्याशी केसभर फरक पडला तर दहा मीटरवर तो वीतभर होतो. त्यांनी मग पाया आखताना करतात ते करून दाखवलं. एका दोरीवर तीन मीटरला खूण, दुसरीवर चार मीटरला खूण, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. आलं की काटकोन झाला. मग म्हणाले, "जागा मोठी आहे, सहा-आठ-दहा घ्या, आणखी पक्कं बसतंय." घेतलं. तीन आणि चारचे वर्ग मिळून पाचचा वर्ग होतो हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय, कारण सांगितलं नाही. पायथागोरसचा धडा पुढे याच सत्रात आहे.

अक्ष पूर्व-पश्चिम का नाहीत, असं दोघांनी विचारलं. इमारत दिशांना थोडी तिरकी बसली आहे. नकाशात उत्तर वर असते हे त्यांनी भूगोलात शिकलेलं. मी त्यांनाच विचारलं, आपल्याला मोजायचंय काय? इमारत, कुंपण, किचन शेड. ही सगळी एकमेकांना समांतर. मग दोऱ्याही त्यांना समांतर असल्या तर मोजणं सोपं. उत्तर दिशा नकाशाच्या कोपऱ्यात बाण काढून दाखवू, असं ठरलं.

अडचण एकच निघाली. खांबाभोवती दोन मीटर रुंद चौथरा आहे, त्यामुळे टेपचं शून्य खांबाला लावता येत नाही. चौथऱ्याच्या कडेला टेप लावायची आणि आलेल्या अंतरात एक मीटर मिळवायचा. फक्कीने दोन्ही अक्ष आखले, मीटर-मीटरवर खुणा केल्या. उजवीकडे १, २, ३. डावीकडे −१, −२, −३. इमारतीकडे धन, मैदानाकडे ऋण.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चालण्याचा दिवस. मुलाने चिठ्ठी उचलायची आणि त्या बिंदूवर जाऊन उभं राहायचं.

पहिल्याच फेरीत राहिलेला करार पुढे आला. एकीची चिठ्ठी (३, ५), दुसरीची (५, ३). दोघी जाऊन एकाच जागी उभ्या राहिल्या. एक आधी आडवी चालली होती, दुसरी आधी उभी. दोघी आपापल्या परीने बरोबर होत्या, म्हणून वर्गाचं मत घेतलं. आडवं आधी, उभं नंतर, असा निकाल लागला. "सगळं जग असंच धरतं," हे मी नंतर सांगितलं, आणि मुलांना ते ऐकून फार बरं वाटलं.

शून्यावर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. (०, ४) ची चिठ्ठी मिळालेला मुलगा उजवीकडे चार चालला. त्याला विचारलं तर म्हणाला, "शून्य म्हणजे काहीच न्हाई, म्हणून ते सोडलं, पुढचं चार चाललो." यात तर्क आहे, आणि नववीच्या वह्यांत दिसते ती हीच गोष्ट. मग दुसऱ्या एकीने त्याला सांगितलं ते मी माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं: "शून्य सोडायचं नाही, शून्य चालायचं. आडव्या दोरीवर उभं राहा, शून्य पावलं चाल, झालं? आता वळ." तो खांबाशी उभा राहिला, जागचा न हलता "शून्य" म्हणाला, इमारतीकडे वळला आणि चार चालला. त्यानंतर (−६, ०), (०, −८), (०, ०) सगळे नीट आले. आरंभबिंदूची चिठ्ठी मिळालेली मुलगी चौथऱ्यावर चढून खांबाला टेकून उभी राहिली.

(०, −८) वर जांभळाचं झाड आहे. बरोबर वाय-अक्षावर. ते कोणत्या चरणात, यावर वाद झाला. अक्षावरचा बिंदू कोणत्याच चरणात नसतो हे सांगितल्यावर मुलांना ते झाडावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. मग सीमेवरच्या गावासारखं नाही का, असं एकाने विचारलं. नाही, सीमेवरचं गाव कुणाच्या तरी हद्दीत असतंच. अक्ष मात्र खरोखर कुणाचा नसतो.

३ डिसेंबर, मंगळवार

मैदानावरून कागदावर. आलेख कागद मुद्दाम दिला नाही. त्यातल्या मिलिमीटरच्या रेघांत मुलांचे डोळे हरवतात आणि मोजण्यातच तास जातो. लहान वर्गांची चौकटींची वही घेतली.

कागदावरच्या चुका मैदानापेक्षा वेगळ्या निघाल्या. सात-आठ जणांनी आकडे रेघांवर न लिहिता चौकटींत लिहिले. १ हा पहिल्या चौकटीच्या पोटात, २ दुसरीच्या. मग (२, ३) म्हणजे एक अख्खी चौकट होते, बिंदू होत नाही. काहींनी ऋण बाजूला डावीकडून उजवीकडे वाचण्याच्या सवयीने −१, −२, −३ असं लिहीत आणलं आणि −५ खांबाजवळ येऊन बसला. मैदानात हे कुणीच केलं नव्हतं. तिथे खांबापासून लांब जायचं म्हणजे काय ते पायाला माहीत होतं. मी त्यांना पुसायला लावलं नाही. वही हातात घेऊन बाहेर जा, −५ च्या खुणेवर उभे राहा आणि वहीतला −५ खांबापासून किती लांब आहे ते बघा, एवढंच सांगितलं. दुरुस्त करून आले.

(३, ५) आणि (५, ३), (१, ४) आणि (४, १), (−२, ६) आणि (६, −२) अशा जोड्या मांडायला दिल्या. जोड्यांच्या मधून एक तिरकी रेघ जाते आणि वही त्या रेघेवर घडी केली की बिंदू बिंदूवर बसतो, हे वेण्णा गटाने शोधलं. त्या रेघेवर (१, १), (२, २), (३, ३) असे बिंदू येतात. त्यांची अदलाबदल केली तरी ते जागचे हलत नाहीत. क्रम बदलला की बिंदू कुठे जातो, याचं इतकं चांगलं उत्तर मीही फळ्यावर दिलं नसतं.

९ डिसेंबर, सोमवार

आवाराची मोजणी. प्रत्येक गटाला एक चरण. अर्ध्या मीटरपर्यंत माप घ्यायचं ठरवलं.

वस्तू अक्षावर नसते, म्हणून आधी तिच्यापासून एक्स-अक्षावर काटकोनात दोरी आणायची, ती जिथे टेकेल तो आकडा पहिला, दोरीची लांबी दुसरा. एका मुलाचे आजोबा कुंपणाबाहेरून बघत होते. तरुणपणी त्यांनी जमीन मोजणीत साखळी ओढली आहे. आत आले आणि म्हणाले, "आम्ही ह्येच करायचो. सरळ लायनीवर साखळी टाकायची आन् बांधाच्या कोपऱ्यापत्तोर काटकोनात आडवं माप घ्यायचं." मुलांनी त्यांना बसवून घेतलं. तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आमच्या मुलांना घरून माहीत असतं. पण शेताचा नकाशा असा मूळ रेषेपासून मोजून तयार होतो हे त्यांना आज कळलं.

माणगंगा गटाची मापं इतरांशी जुळेनात. किचन शेडचा कोपरा त्यांच्या हिशेबाने (१०, −२), वेण्णाच्या हिशेबाने (११, −३). त्यांनी दोन्ही मापं चौथऱ्याच्या कडेपासून घेतली होती आणि तो एक मीटर मिळवला नव्हता. दुरुस्त करताना त्यांना वाटलं सगळ्या आकड्यांत एक मिळवला की झालं. १० चा ११ झाला, पण −२ मध्ये एक मिळवला तर −१ येतो आणि शेड खांबाच्या आणखी जवळ सरकते. धन आकड्यात एक मिळवायचा आणि ऋण आकड्यातून एक वजा करायचा, दोन्हीकडे खांबापासून लांब जायचं, हे त्यांनी स्वतः बसून काढलं. फेरमोजणी करावी लागली नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आजचा तास या प्रकल्पातला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

इमारतीच्या पुढच्या भिंतीचे कोपरे आले (−१२, ६) आणि (३, ६). भिंत किती लांब? टेप न लावता सांगा. कृष्णा गट: बारातून तीन गेले, नऊ. कोयना गट: बारा अधिक तीन, पंधरा. टेप लावली, पंधरा. कोयनावाल्यांनी कारणही नीट सांगितलं: खांब मध्ये आहे, इकडचे बारा आणि तिकडचे तीन.

मग किचन शेड. तिचे कोपरे (७, −३) आणि (११, −३). आता बेरीज करून चालेल? अठरा मीटर शेड नाही. इथे अकरातून सात वजा. टाकी −१४ वर, कडुनिंब −९.५ वर, त्यांच्यातलं आडवं अंतर? दोन्ही डावीकडे, म्हणून चौदातून साडेनऊ वजा. मुलं वैतागली. कधी बेरीज, कधी वजाबाकी, नियम काय? तीन नियम पाठ करायची त्यांची तयारीही झाली होती.

फळ्यावर एकच ओळ लिहिली: उजवीकडचा आकडा वजा डावीकडचा आकडा. करून बघा. ११ − ७ = ४. मग −९.५ − (−१४) = ४.५. मग ३ − (−१२). इथे वर्ग शांत झाला. सहावीत 'ऋण संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणे' हे सगळ्यांनी पाठ केलंय आणि आजवर कुणीही त्यावर मनापासून विश्वास ठेवलेला नाही. वजा करून संख्या वाढते कशी? आणि समोर भिंत उभी आहे, पंधरा मीटरची, टेप लावून मोजलेली. ३ − (−१२) = १५ यायलाच हवं, नाहीतर भिंत खोटी पडेल. एक मुलगी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ते अधिक खांबामुळं येतंय." हो. शून्य मध्ये आहे म्हणून.

या एका वाक्यासाठी मी निर्देशक सातवीत आणावेत असं म्हणते. पूर्णांकांचा धडा आणि हा धडा यांच्यात दोन वर्षांचं अंतर असू नये.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून वर्गात गुकेश. काल सिंगापूरला चीनच्या डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, आणि बुद्धिबळ न खेळणारी मुलंही त्याच्यावर बोलत होती. मग आज पटच काढला. शेवटच्या चौदाव्या डावात डिंगची चूक झाली ती हत्ती एफ-२ वर नेण्याची. एफ-२ कुठे? उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या १ ते ८. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून सहावी पट्टी, खालून दुसरी रांग. आधी आडवं, मग उभं, इथेही.

पण बुद्धिबळात नाव चौकटीला असतं आणि आपल्या वहीत रेघांच्या छेदनबिंदूला. पटावर चौकटी ६४, रेघांचे छेद मात्र कडेचे धरून ९ गुणिले ९, म्हणजे ८१. चौकटींत आकडे लिहिणाऱ्या मुलांना परवाची गल्लत इथे पूर्ण उलगडली. त्यांचं चुकलं नव्हतं, ते पटाची पद्धत वापरत होते.

१७ डिसेंबर, मंगळवार

जगाचा नकाशा भिंतीवर लावला. विषुववृत्त आडवा अक्ष, ग्रिनिचचं मूळ रेखावृत्त उभा अक्ष. आरंभबिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, समुद्रात. भारत अख्खा पहिल्या चरणात. न्यूयॉर्क दुसऱ्यात, रिओ दि जानेरो आणि ब्युनॉस आयर्स तिसऱ्यात, केप टाऊन आणि सिडनी चौथ्यात. चारही चरण भरलेले सापडल्यावर मुलांना आपलं मैदान आठवलं.

फोनवर शाळेचं ठिकाण बघितलं: साधारण १७.७, ७४.५. एकाने लगेच उठून भिंतीवरच्या नकाशावर मांडलं. आडवं १७.७, उभं ७४.५. बोट गेलं पार वर, नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या गार समुद्रात, अस्वल बेटाच्या जवळपास. वर्गात कल्ला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही: फोन अक्षांश आधी सांगतो, रेखांश नंतर. म्हणजे उभं आधी, आडवं नंतर. आपल्या कराराच्या उलट. दोन्ही पद्धती जगात रोज चालतात. आपण कोणती वाचतोय हे विचारूनच बोट ठेवायचं. २८ तारखेला मत घेऊन क्रम ठरवला होता, त्याची किंमत मुलांना आज कळली.

एक गोष्ट स्पष्ट करून टाकली. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे नकाशावरची चौकट सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो, आपल्याकडे सुमारे १०६, आणि ध्रुवापाशी शून्य. मैदानावरचा आपला मीटर मात्र चारही चरणांत मीटरच.

फ्रेंच गणिती देकार्तने छतावरची माशी बघून निर्देशक शोधले ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. तिला पुरावा नाही, म्हणून मी सांगितली नाही. १६३७ साली त्याचं भूमितीवरचं लेखन छापलं गेलं, त्याच काळात फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीनेही स्वतंत्रपणे हीच वाट धरली होती, आणि आज आपण काढतो तसे दोन काटकोनी अक्ष देकार्तच्या लेखनात नाहीत, ते पुढच्यांनी घडवले, एवढं सांगितलं. गोष्टीपेक्षा हे मुलांनी जास्त लक्ष देऊन ऐकलं.

२१ डिसेंबर, शनिवार

रामानुजन यांची जयंती, राष्ट्रीय गणित दिन, उद्या रविवारी येतो, म्हणून आजच साजरा केला. प्रत्येक गटाने चित्र काढायचं, पण दुसऱ्या गटाला फक्त बिंदू वाचून दाखवायचे. संक्रांत जवळ आली म्हणून पतंग सर्वांनी केला. कोयना गटाचा असा: (०, ६), (४, १), (०, −५), (−४, १) आणि परत (०, ६). शेपटी (०, −५) पासून (१, −६), (−१, −७), (१, −८). वाचणाऱ्याने 'जोडा' आणि 'पेन उचला' एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्या गटाचा पतंग पहिल्या फटक्यात उमटला.

मुलींनी त्यातून ठिपक्यांच्या रांगोळीकडे नेलं. मी पहिल्या चरणातलेच बिंदू दिले: (१, ५), (२, २), (५, १). बाकी तीन चरण तुम्ही भरा, चित्र चारी बाजूंनी सारखं झालं पाहिजे. पहिल्या आकड्याचं चिन्ह बदललं की बिंदू उभ्या अक्षापलीकडे, दुसऱ्याचं बदललं की आडव्यापलीकडे, दोन्हींचं बदललं की खांबाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला. बारा ठिपके झाले. ओट्यावर खरी रांगोळी घातली, रंग भरले. पालकांपैकी एक आई म्हणाल्या, "आम्ही ठिपके मोजतोच की, फक्त उणे म्हणत नाही."

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती, कार्यक्रमाला गावातले बरेच लोक आले होते. नकाशा तयार होता: बावीस बाय अठ्ठावीस इंची कार्डशीटवर, एक मीटरला दोन सेंटिमीटर. आवार तीस मीटर बाय बावीस, म्हणजे चित्र साठ बाय चव्वेचाळीस सेंटिमीटर, बेताने मावलं. दुपारी शाळेच्या एकमेव संगणकावर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात पतंग उडवला. तिथला मंच ४८० बाय ३६० चा, आरंभबिंदू मध्यावर, आडवे आकडे −२४० ते २४०, उभे −१८० ते १८०. पतंगाचे आकडे तसेच टाकले तर ठिपक्याएवढा दिसला. सगळे वीसपट केले, (०, १२०), (८०, २०), (०, −१००), (−८०, २०), आणि मंच भरला.

८ जानेवारी, बुधवार

शाळा व्यवस्थापन समितीला टाकीपासून किचन शेडपर्यंत पाण्याची पाइपलाइन टाकायची आहे. समितीच्या एका सदस्याने नकाशा बघितलेला, त्यांनी मुलांनाच विचारलं, पाइप किती लागेल?

टाकी (−१४, ३), शेडचा जवळचा कोपरा (७, −३). पायथागोरस आता झालाय. आडवं अंतर ७ − (−१४) = २१, उभं ३ − (−३) = ६. ४४१ अधिक ३६, ४७७. २२ चा वर्ग ४८४, म्हणजे बावीसला थोडं कमी. कृष्णा गटाने बावीस मीटर सांगूनही टाकलं. वेण्णा गटाने नकाशावर पट्टी ठेवून ती तिरकी रेघ आखली. रेघ वाय-अक्षाला (०, −१) वर छेदते. चौथरा खांबापासून एक मीटर येतो. चर चौथऱ्याच्या कडेलाच लागणार, आणि पुढे खो-खोच्या मैदानातून जाणार. मग आधी आडवं, मग उभं: २१ अधिक ६, सत्तावीस मीटर. प्लंबरने वळणं आणि तुटातूट धरून तीस मीटर मागवला.

१३ जानेवारी, सोमवार

चर खणून झाली. टेपने सत्तावीस मीटर वीस सेंटिमीटर भरली.

खणताना एका मुलाने प्रश्न विचारला तो पुढच्या तासासाठी ठेवला आहे. पंचायत ध्वजस्तंभ गेटजवळ हलवायचं म्हणतेय असं त्याने घरी ऐकलं. खांब हलला तर आपला सगळा नकाशा वाया जाणार का?

गेट (९, −११) वर आहे. तिथे आरंभबिंदू नेला तर कडुनिंबाचा (−९.५, −५) काय होईल, हे चारही गटांना शोधायला दिलंय. कोयना गटाने जाता जाता (−१८.५, ६) असं सांगितलं आणि पाइप किती भरेल तेही काढायला घेतलं. −२३ आणि १४ पासून −२ आणि ८ पर्यंत. आडवं पुन्हा २१, उभं पुन्हा ६. "मॅडम, हे बदललंच नाही," असं म्हणून ती सगळी दुसऱ्या दोन जागा घेऊन बसली, घंटा होऊन गेली तरी. उद्या संक्रांतीची सुट्टी आहे, बुधवारी बाकीच्या गटांची उत्तरं बघायची, आणि सहावीला टेप हातात द्यायची.